पाळण्यातील देहाचे विश्वस्त

आर्वी, देवळी, हिंगणघाट, पुलगाव या बाजूंच्या खेड्यांतून तान्ही मुले कडेवर घेऊन जी माणसे रोज सकाळी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची तक्रार ताप, जुलाब, खोकला अशी चारचौघांत बोलण्यासारखी असते, पण एखादी आजी मात्र आपली पाळी येईपर्यंत गप्प बसून राहते, आत गेल्यावर दार लोटलेले आहे ना हे एकवार पाहून घेते, आणि मग नातवाच्या अंगावरचे दुपटे बाजूला सारीत खालच्या आवाजात विचारते, "डॉक्टरसाहेब, लेकराचं कातडं मांगं सरत नाही. मालिशवाली म्हणते, आता मोकळं नाही केलं तर पुढं लग्नात अडचण येईन. कापा लागते काय जी?" मुलाची आई शेजारी मान खाली घालून उभी असते, आणि बाप बहुधा बाहेर केसपेपर हातात धरून थांबलेला असतो.

दिवाळी अंकाच्या पानांवर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अपत्यासाठी आईबाप जे अनेक निर्णय करतात त्यांपैकी बहुतेक पुढे फिरवता येतात: ठेवलेले नाव बदलता येते, घातलेली शाळा सोडवता येते, लावलेली सवय मोडता येते, शरीरापासून एकदा विलग केलेली त्वचा मात्र पुन्हा जोडता येत नाही, आणि तो निर्णय ज्याच्या देहावर आयुष्यभर राहणार असतो तो त्या वेळी पाळण्यात निजलेला असतो. ज्या निर्णयात चूक दुरुस्त करण्याची मुभाच नाही, त्याची चर्चा कुजबुजीत आणि मालिशवालीच्या सल्ल्यावर संपावी, हे मला योग्य वाटत नाही.

प्रथम त्या आजीचा प्रश्न. जाणता डॉक्टर अशा वेळी त्वचा मागे ओढीत नाही. दोन बोटांच्या चिमटीत ती अलगद पुढे धरतो, म्हणजे तिचे तोंड किंचित उघडते आणि आतला गुलाबी ओलसर भाग व मूत्रछिद्र दिसते, मूत्रछिद्र आपल्या जागी आहे की खालच्या अंगाला सरकलेले आहे हे पाहतो, कडेला पांढुरका, राठ, व्रणासारखा वळसा पडला आहे काय हे पाहतो, आणि मग आईला एकच प्रश्न विचारतो, "लघवीची धार कशी पडते?" धार सरळ आणि जोरदार असेल, मूल कुंथत वा रडत नसेल, ताप वरचेवर येत नसेल, तर त्या कातडीला काहीही झालेले नाही. जन्मतः अग्रत्वचा आणि तिच्या आतील मणी ही दोन्ही, नख जसे खालच्या मांसाला धरून असते तशी, एकमेकांना धरूनच असतात. त्यांच्यामधील बंध वर्षावर्षाने आपोआप सुटत जातात, आणि त्या सुटण्यात जमणारे पांढरे कण पाहून घरातली माणसे पू झाला म्हणून घाबरतात, तेही निरुपद्रवी असतात. ज्याला वैद्यक आज रोग मानीतच नाही अशा या नैसर्गिक अवस्थेसाठी किती मुलांवर शस्त्र चालले असेल, याची गणती कुणी ठेवलेली नाही.

ही समज फार जुनी नाही, आणि ती ज्या निबंधामुळे आली त्याची हकिकत सांगण्याजोगी आहे. १८७० साली न्यूयॉर्कमधील लुईस सेअर या प्रख्यात अस्थिशल्यविशारदाने एका पाच वर्षांच्या मुलाच्या पायांतील दुर्बलतेचे कारण त्याच्या घट्ट अग्रत्वचेत शोधले आणि ती काढल्यावर मूल चालू लागले असे जाहीर केले. तेथपासून पुढील अर्धशतकात इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील डॉक्टरांनी अपस्मारापासून हस्तमैथुनापर्यंत नाना विकारांचा आणि तथाकथित दुर्गुणांचा इलाज म्हणून सुंतेची शिफारस केली, आणि ज्या समाजांत धर्माने तिचा कधी हुकूम केला नव्हता तेथे ती सुखवस्तू घराण्यांची रीत होऊन बसली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि सरकारी तिजोरीतून कोणत्या शस्त्रक्रियांचा खर्च करावा हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा डग्लस गेर्डनर या बालरोगतज्ज्ञाने अगदी साधे काम केले: त्याने मुले तपासली. १९४९ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याने लिहिले की नवजात मुलांपैकी केवळ ४ टक्क्यांची अग्रत्वचा पूर्णपणे मागे सरते, वर्षाच्या अखेरीस निम्म्यांची, आणि तिसऱ्या वर्षी सुमारे ९० टक्क्यांची. त्याच निबंधात त्याने हेही नोंदले की इंग्लंड-वेल्समध्ये या शस्त्रक्रियेपायी दरवर्षी सोळाच्या आसपास लहान मुले दगावत होती. ब्रिटनमध्ये नवजातांची सरसकट सुंता त्यानंतर झपाट्याने मागे पडली. पुढे १९६८ मध्ये डेन्मार्कच्या याकोब ऑस्टर याने शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे पाहणी करून दाखवले की गेर्डनरनेही घाईच केली होती. कित्येक मुलांत हे बंध दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात, आणि सोळा-सतरा वर्षांच्या वयात खऱ्या अर्थाने घट्ट त्वचा राहिलेली मुले अवघी १ टक्का उरतात.

परंतु घट्ट त्वचेवर एकदम शस्त्र उगारू नये हे शहाणपण आपल्याला विलायतेतूनच यावे लागले, असे समजण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणी तीन विकार एकामागून एक वर्णिलेले आहेत. निरुद्धप्रकश म्हणजे त्वचेने मणी आच्छादून मूत्रमार्ग रोधला जाणे. परिवर्तिका म्हणजे मर्दनाने, पीडनाने वा आघाताने त्वचा मागे उलटून मण्याखाली गाठीसारखी अडकून बसणे. आणि अवपाटिका म्हणजे बळाने मागे फिरवल्यामुळे किंवा तत्सम आघातामुळे त्वचा फाटणे. चिकित्सास्थानात यांचे उपचार येतात. पहिल्यासाठी तूप लावलेली, दोन्ही बाजूंस तोंड असलेली लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी आत घालावी, दर तीन दिवसांनी ती अधिक जाड करीत मार्ग वाढवावा, आणि शस्त्र वापरायचेच तर सेवनी, म्हणजे खालच्या बाजूची शिवण, वर्ज्य करून वापरावे. दुसऱ्यासाठी तूप लावून, शेक देऊन, मणी दाबीत त्वचा हळूहळू पुढे आणावी. आजही अपघात विभागातील तरुण डॉक्टर अडकून सुजलेली त्वचा ज्या रीतीने पूर्ववत करतो, ती रीत याहून फारशी निराळी नाही. माझ्या मनात अधिक ठसते ती त्या ग्रंथकर्त्याची कारणमीमांसा: मर्दन, पीडन, बळ. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याने ज्या गोष्टींना रोगाचे कारण म्हणून बोट दाखवले, त्याच गोष्टी आमच्या घरोघरी आंघोळीच्या वेळी तेलाच्या हाताने, मुलाच्या हिताच्या समजुतीने, रोज केल्या जातात. ओढलेली त्वचा बारीक चिरते, चिरलेली जागा भरताना व्रण धरते, आणि जी कातडी स्वतःहून सुटली असती ती त्या व्रणामुळे खरोखरच आवळते. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेच्या भयाने ती ओढली, तिचीच तजवीज आपल्या हाताने होते.

खरे रोग नाहीतच असे मात्र नव्हे. अग्रत्वचेला पांढरा राठ व्रण पडून तोंड आवळणे, लघवी थेंबथेंब होणे, वारंवार पू होणे, मूत्रमार्गात जन्मजात अडथळा असल्यामुळे पुनःपुन्हा जंतुसंसर्ग होणे, अशा मुलांच्या बाबतीत सुंता हा योग्य, कधी कधी अत्यावश्यक उपचार आहे, आणि तेथे धर्माचा विचार मनात आणून एखाद्या हिंदू कुटुंबाने मागे हटणे हेही तितकेच चूक. त्वचा केवळ घट्ट असेल तर स्टेरॉइडचे मलम काही आठवडे लावून पुष्कळ मुलांत शस्त्रक्रिया टळते. आणि एका बाबतीत तर त्वचेला हातही लावू नये: मूत्रछिद्र खालच्या बाजूस असलेल्या मुलाच्या दुरुस्तीसाठी पुढे शल्यविशारदाला तीच त्वचा लागते.

हाच निर्णय सेवाग्रामपासून हजारो मैलांवर अगदी निराळ्या वेषात मराठी माणसांपुढे उभा राहतो. अमेरिकेत प्रसूती झाल्यावर दुसऱ्या दिवशी रुग्णालयातील परिचारिका कागद घेऊन येते आणि इतर दहा प्रश्नांबरोबर मुलाची सुंता करायची काय हाही विचारते. नागपूर-पुण्याहून सुनेच्या बाळंतपणाला गेलेल्या आजीला प्रश्नच कळत नाही, आणि बापाला तो कळूनही उत्तर सुचत नाही, कारण त्याच्या घराण्यात तो कधी कुणी विचारलेलाच नसतो. तेथील रुग्णालयांत जन्मणाऱ्या मुलांपैकी १९७९ मध्ये सुमारे ६४ टक्के आणि २०१० मध्ये सुमारे ५८ टक्के मुलांची सुंता रुग्णालयातच झाली, असे सरकारी आकडे सांगतात. शेजारपाजारची, पुढे शाळेतल्या खोलीत कपडे बदलणारी मुले कशी असतील, आपला मुलगा निराळा दिसेल काय, या विचाराने कित्येक आईबाप सही करून मोकळे होतात. दक्षिण कोरियाचे उदाहरण याच जातीचे आहे: १९४५ पूर्वी तेथे ही प्रथा जवळजवळ नव्हती, अमेरिकी प्रभावाखाली ती देशभर पसरली, आणि गेल्या काही दशकांत चर्चा उघड होताच पुन्हा ओसरू लागली. समुदायाशी मुलाची जवळीक राहावी ही आईबापांची इच्छा मी हलकी लेखत नाही; परंतु रुग्णालयातून घरी सोडण्याच्या घाईत, बाळंतिणीच्या थकव्यात, कागदाच्या एका चौकटीवर खूण करून ती पुरवावी, असेही मला वाटत नाही.

वैद्यकीय लाभांचा हिशोब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सुंता झालेल्या तान्ह्या मुलांत मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग कमी होतो हे खरे. पण निरोगी मुलांत तो मुळातच इतका विरळ की एकाला तो टाळण्यासाठी शंभराहून अधिक मुलांवर शस्त्रक्रिया करावी लागते. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा या देशांतील तीन प्रयोगांत सुंतेमुळे पुरुषांना स्त्रियांकडून होणारा एच.आय.व्ही.चा संसर्ग सुमारे ६० टक्क्यांनी घटला, आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील अतिप्रादुर्भावाच्या प्रदेशांसाठी तिची शिफारस केली. तो पुरावा भक्कम आहे. परंतु ते प्रयोग प्रौढ, समजूनउमजून संमती दिलेल्या पुरुषांवर झाले होते, आणि ती शिफारस भारतासाठी नव्हती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये लाभ धोक्यांहून अधिक आहेत असे म्हटले, पण सर्व नवजातांसाठी शिफारस करण्याइतके ते मोठे नाहीत असेही त्याच दमात म्हटले. कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१५ मध्ये सरसकट सुंतेची शिफारस केली नाही. म्हणजे निरोगी मुलाच्या बाबतीत वैद्यकशास्त्र कापा असेही म्हणत नाही आणि कापल्यास घात होईल असेही म्हणत नाही. ते निर्णय आईबापांच्या हाती परत देते.

येथे धर्माचा विषय येतो, आणि तो घाईने उरकण्याजोगा नाही. महाराष्ट्राच्या भूमीवर सुंतेची सर्वांत जुनी परंपरा ज्यांनी सांभाळली त्यांत रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल आहेत. मराठी हीच ज्यांची मातृभाषा, पेण, दिवे, किहीम अशा गावांवरून ज्यांची आडनावे पडली, तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम न करीत म्हणून ज्यांना गावकऱ्यांनी शनवार तेली म्हटले, त्या या लोकांचे मुख्य यहुदी जगाशी नाते शतकानुशतके तुटलेले असतानाही ज्या मोजक्या गोष्टी टिकून राहिल्या त्यांत आठव्या दिवशीची सुंता होती. ग्रंथ हरवले, भाषा हरवली, आणि तरी ही एक खूण पिढ्यान्‌पिढ्या राहिली. अशा समाजाला ही प्रथा सोडा म्हणणे म्हणजे त्याच्या स्मृतीचा उरलेला धागा तोडा म्हणण्यासारखे आहे, हे टीका करणाऱ्याने आधी ओळखले पाहिजे. पण त्याच यहुदी धर्मशास्त्रात असेही आहे की मूल आजारी वा अशक्त असेल तर आठवा दिवस टळू द्यावा, बरे होईपर्यंत थांबावे. आणि ज्या मातेची दोन मुले सुंतेनंतर दगावली तिच्या तिसऱ्या मुलाची करू नये. रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक विकाराची ही फार प्राचीन जाण आहे. ज्या धर्माने या संस्काराला ईश्वराशी केलेल्या कराराची खूण मानले, त्यानेच मुलाचा जीव त्या खुणेहून वर ठेवला.

मुसलमान कुटुंबांत प्रश्न करावी की नाही असा नसतो. केव्हा, कोठे आणि कुणाच्या हातून, असा असतो. कुराणात सुंतेचा स्पष्ट उल्लेख नाही, तिचा आधार हदीसमध्ये आहे. कोकणी मुसलमान ज्या शाफई पंथाचे त्यात ती अनिवार्य मानतात, विदर्भ-मराठवाड्यात बहुसंख्य असलेल्या हनफी पंथात ती सुन्नत गणली जाते, परंतु व्यवहारात दोघांच्याही घरी ती होतेच, मुलाला नवे कपडे घालून, हार घालून, नातेवाईक जमवून. वयाची सक्त मुदत नाही, आणि हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते: ज्या अर्थी मुदत नाही, त्या अर्थी सुरक्षिततेसाठी थांबण्यास, मूल तपासून घेण्यास, भूल देऊन शल्यविशारदाकडून करवून घेण्यास धर्माचा अडसर नाही. आमच्या भागात पूर्वी हे काम पिढीजात न्हाव्याकडे असे. त्याच्या हाताचे कसब नाकारण्याचे कारण नाही, पण रक्त थांबले नाही तर त्याच्यापाशी दुसरा उपाय नसे. मूल हिंदूचे असो, मुसलमानाचे असो, त्याची वेदना तितकीच खरी. भुलेशिवाय कापणे आज कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. (मुलींच्या खतन्याशी मात्र या चर्चेची गल्लत कुणी करू नये, त्यात लाभ कसलाच नाही, हानीच आहे, आणि त्याबद्दल दोन मते संभवत नाहीत.)

आणखी एक गोष्ट लिहिणे कठीण आहे, तरी लिहिली पाहिजे. फाळणीच्या दिवसांत आणि त्यानंतरच्या कित्येक दंग्यांत रस्त्यावर माणसाचे वस्त्र फेडून, अजाण वयात त्याच्या देहावर उमटलेली किंवा न उमटलेली ही खूण पाहून, त्याच्या जगण्यामरण्याचा फैसला केला गेला. तो दोष खुणेचा नव्हे, शस्त्र उगारणाऱ्याचा होता. ज्या सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेत आजही सर्व धर्मांची वचने म्हटली जातात, त्याच्या सान्निध्यात राहून हे विसरता येत नाही.

कायद्याने या प्रश्नात हात घालावा काय? २०१२ मध्ये जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने धार्मिक सुंता ही मुलाच्या शरीराला केलेली इजा ठरवली. देशभर खळबळ माजली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील संसदेने आईबापांचा हक्क मान्य करणारा, परंतु वैद्यकीय नियमांचे बंधन घालणारा कायदा केला. आपल्याकडे केरळच्या उच्च न्यायालयापुढे अशी बंदी मागणारा अर्ज आला तो २०२३ मध्ये फेटाळला गेला. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने, पालकाच्या संमतीने केलेल्या कृत्यास भारतीय दंडविधानाच्या ८९ व्या कलमाने संरक्षण होते, आणि नव्या न्याय संहितेतही ती तरतूद आलेली आहे. बंदी आली की दवाखान्यातले काम घराच्या मागील पडवीत जाईल, आणि मुलाचेच नुकसान होईल. म्हणून मी बंदीच्या बाजूचा नाही. परंतु त्या कलमातील मुलाचे हित हे शब्द वाचून पालकाने सही करण्यापूर्वी थांबावे, इतकी अपेक्षा कायद्याविनाही करता येते.

आईबापांचा हा अधिकार कोणत्या जातीचा, याविषयी सर्वांत प्रांजळ विचार मला गांधीजींच्या आत्मकथेत सापडला. १९०२ साली मुंबईत गिरगावात राहत असताना त्यांचा दुसरा मुलगा, दहा वर्षांचा मणिलाल, विषमज्वराने आणि फुप्फुसाच्या दाहाने अंथरुणाला खिळला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा देण्यास सांगितले. मुलगा मोठा असता तर त्याची इच्छा विचारून तिचा मान राखला असता, पण येथे त्याच्यासाठी मलाच ठरवायचे आहे, अशा आशयाचे गांधीजी डॉक्टरांना बोलले; मग त्यांनी मणिलालला विचारलेही, आणि त्याने पाण्याचे उपचारच करा म्हणून सांगितले. येथे दुसरा कुणी लेखक थांबला असता. गांधीजी थांबत नाहीत. ते कबूल करतात की आपण अंडी वा रस्सा दिला असता तरी मुलाने तो घेतला असता. ओल्या चादरीत मुलाला गुंडाळून, १०४ अंश तापात सोडून ते चौपाटीकडे चालत गेले, आणि आपल्या कल्पना लेकरावर लादण्याचा आईबापांना काय अधिकार, हा प्रश्न त्यांना त्या आजारपणात छळत राहिला. ताप उतरला, श्रेय पाण्याचे की आहाराचे की ईश्वराचे, याचा निवाडा ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडतात, स्वतः मात्र ईश्वरानेच लाज राखली असे मानतात. मणिलालच्या बाबतीत त्यांनी घेतलेला धोका मी घेतला नसता. पण मुलाची संमती म्हणजे बहुधा बापाच्याच मताचा प्रतिध्वनी असतो हे ओळखण्याची, आणि तरीही अधिकार वापरताना अस्वस्थ राहण्याची जी वृत्ती त्या पानांत दिसते, ती मला पालकत्वाचा पाया वाटते. संपत्तीविषयी त्यांनी विश्वस्तपणाची कल्पना मांडली. मी ती अपत्याच्या देहापर्यंत नेऊ इच्छितो. आईबाप त्या देहाचे मालक नव्हेत, धनी सज्ञान होईपर्यंत त्याचे जतन करणारे विश्वस्त आहेत. विश्वस्ताने अत्यावश्यक खर्च तत्काळ करावा, जो खर्च थांबू शकतो तो शक्य तितका धन्याच्या निर्णयासाठी राखून ठेवावा, आणि जो कुलधर्म म्हणून करायचाच तो पूर्ण काळजीने करावा.

माझा निर्णय यावरून उघड आहे. रोग नसेल आणि धर्माची आज्ञा नसेल, तर केवळ रीत म्हणून, केवळ इतरांसारखा दिसावा म्हणून, किंवा पुढे कधीतरी काहीतरी होईल या धास्तीने तान्ह्या मुलाची सुंता करू नये. धर्माची आज्ञा असेल तर मूल धडधाकट असताना, घराण्यात रक्तस्रावाचा विकार नाही याची खात्री करून, भूल देणाऱ्या प्रशिक्षित हातांकडूनच ती करावी.

आणि ज्यांच्या घरी या दिवाळीला पाळणा हलतो आहे त्या आजींना व मालिश करणाऱ्या मावशींना माझी हात जोडून विनंती: बाळाच्या अंगाला तेल लावा, त्याचे हातपाय चोळा, पण ती त्वचा मागे ओढू नका, बाहेरून कोमट पाण्याने धुणे पुरे आहे. मुलगा लघवीच्या वेळी कळवळत असेल, धार थेंबाथेंबाने पडत असेल, त्वचेच्या तोंडाशी पांढरा राठ व्रण दिसत असेल, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि मागे सरलेली त्वचा पुढे येत नसून सूज चढत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री जवळचे सरकारी रुग्णालय गाठा.